सोमवारी काउंटरचा कॉम्प्युटर १६९.२५४ का दाखवतो?

काउंटरवाली (सोमवार, रात्री ९:१०)

नमस्कार. बार्शीत आमची स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे, ४६ जागांची. सकाळी सहाला उघडते. पुढच्या खोलीत माझं काउंटर आहे, फॉर्म भरणं, झेरॉक्स, प्रिंट. एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, दोन्ही वायरनं राउटरला जोडलेले. पोरांना वाय-फाय त्याच राउटरवरून देतो.

गेले तीन महिने सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की नेट नसतं. घड्याळाजवळ पिवळा त्रिकोण. मंगळवार ते शनिवार कधी चालतं, कधी नाही. सोमवारी मात्र हमखास बंद. पत्ता बघितला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. चांगला असतो तेव्हा १९२.१६८.१ ने सुरू होतो.

आधी एकाला बोलावलं. व्हायरस आहे म्हणून त्यानं विंडोज नव्यानं टाकलं. फॉर्मच्या फाइली परत जागेवर आणण्यात माझे दोन दिवस गेले. मग दुसरा आला, म्हणाला लॅन कार्ड गेलंय, नवीन बसवलं. कार्ड बदलल्यावर १६९.२५४ च्या पुढचे आकडे बदलले. आधी ७३.११८ असायचे, आता २११.४०. पण पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

राउटर बंद करून चालू केला की लागतं, पण मग आत बसलेल्या सगळ्यांचं नेट जातं. आज एका मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. ती समोर उभी आणि माझा स्क्रीन फिरतोय. शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरला. हात थरथरत होते माझे. कुणी नीट समजावून सांगेल का, हा १६९ चा पत्ता येतो कुठून आणि तो मला कोण देतं?

पायवाट (सोमवार, रात्री ९:३२)

ताई, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज द्या, म्हणजे आहे तो पत्ता सुटेल, मग आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू, म्हणजे नवा मागितला जाईल. त्यानं नाही झालं तर अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पत्ता हातानं टाका. आमच्या दुकानात असंच केलंय, चार वर्षं कटकट नाही.

काउंटरवाली (सोमवार, रात्री ९:४८)

दादा, रिन्यू दिलं की बराच वेळ थांबून 'डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क होत नाही' असा संदेश येतो. हातानं पत्ताही टाकून बघितला होता, १९२.१६८.१.१०५. दुपारपर्यंत सुरळीत चाललं. मग हाच पत्ता दुसरं कुणी वापरतंय अशी सूचना आली आणि नेट गेलं. म्हणून पुन्हा ऑटोमॅटिक केलं.

सरळमार्गी (सोमवार, रात्री १०:०५)

विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, म्हणजे रजिस्ट्रीत, हा आपोआप पत्ता घेण्याचा प्रकार बंद करता येतो. एक किंमत शून्य करायची आणि रीस्टार्ट. १६९ पुन्हा दिसणार नाही.

तारजोड्या (सोमवार, रात्री १०:४०)

सरळमार्गी, कृपया हे सुचवू नका. १६९ दिसायचं थांबेल हे खरं, पण त्याच्या जागी ०.०.०.० दिसेल आणि नेट तसंच बंद राहील. शिवाय बिघाड कुठल्या बाजूला आहे हे सांगणारी एकमेव खूण हातची जाईल.

काउंटरवाली ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच उत्तराचे बहुतेक धागे आहेत. माझं काम नेटवर्कच्या तारा ओढण्याचं, गेली सोळा वर्षं, आणि १६९.२५४ दिसल्यावर कार्ड बदलून दिलेली किती गिऱ्हाइकं मी बघितली असतील! मला याचा फार त्रास होतो, कारण कॉम्प्युटर खरं तेच सांगत असतो. तो म्हणतो, "मी पत्ता मागितला, कुणी दिला नाही." दोष मागणाऱ्यात असेल, तारेत असेल किंवा देणाऱ्यात असेल. पण निम्मे लोक मागणाऱ्यालाच उघडून बसतात.

आता १६९ चा पत्ता कोण देतं ते सांगतो. कुणीच देत नाही, कॉम्प्युटर स्वतःच घेतो.

नेहमीची रीत अशी. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याच्याकडे पत्ता नसतो. तो ०.०.०.० या नावानं सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो, २५५.२५५.२५५.२५५ वर, "पत्ता देणारं कुणी आहे का?" तुमच्या राउटरमध्ये डीएचसीपी नावाचा कारकून बसलेला असतो. तो म्हणतो, "हा घे, १९२.१६८.१.१२३." कॉम्प्युटर म्हणतो, "मला हाच द्या." कारकून वहीत नोंद करतो आणि म्हणतो, "दिला, इतक्या वेळासाठी." या चार वाक्यांत काम होतं, एरवी सेकंदाच्या आत.

कारकून गप्प राहिला तर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा हाक मारतो आणि मग स्वतःची सोय करतो. १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवलेला आहे, ६५,०२४ पत्त्यांचा. त्यातला एक तो निवडतो, पण थेट जाऊन बसत नाही. त्याच तारेवरच्या सगळ्यांना विचारतो, "२११.४० वर कुणी आहे का?" असं तीनदा, मध्ये एक-दोन सेकंद थांबून. कुणी 'हो' म्हणालं तर दुसरा निवडतो. कुणी बोललं नाही तर दोनदा जाहीर करतो की आता हा माझा. एसटीत रिकामी सीट दिसली तर शेजारच्याला विचारूनच बसतो ना आपण, तसंच.

आकडा निवडताना कार्डाच्या कायमच्या क्रमांकावरून सुरुवात करावी असं ठरलेलं आहे, म्हणजे तेच यंत्र शक्यतो त्याच पत्त्यावर येतं. तुमचे आकडे कार्ड बदलल्यावर बदलले आणि मग तिथेच टिकले, त्याचं कारण हे.

या पत्त्यानं नेट चालत नाही, कारण त्याच्यासोबत बाहेर जायचं दार, म्हणजे गेटवे, मिळालेलं नसतं. आणि १६९.२५४ वरचा मजकूर राउटरनं पुढे पाठवायचाच नाही असा नियम आहे. तो त्या तारेपुरता.

आता माझे प्रश्न. एक, राउटरच्या पानावर डीएचसीपीमध्ये सुरुवातीचा पत्ता, शेवटचा पत्ता आणि लीजची वेळ, म्हणजे एकदा दिलेला पत्ता किती वेळ त्याचाच राहतो ती मुदत, काय लिहिली आहे? दोन, दिवसभरात किती फोन वाय-फायला जोडले जातात? तीन, पोरांपैकी कुणाची तक्रार आहे का की वाय-फाय जोडलं जात नाही? आणि चौथा प्रश्न विचित्र वाटेल: ज्या दिवशी नेट नव्हतं, त्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर आदल्या दिवसापेक्षा उशिरा सुरू केला होता का?

काउंटरवाली (मंगळवार, सकाळी ११:२५)

तारजोड्या दादा, रात्री वाचलं आणि सकाळी वही घेऊन बसले. दिवसातल्या पहिल्या प्रिंटची वेळ मी लिहून ठेवते, ती उपयोगी पडली. मागच्या बुधवारी १०:०५, नेट होतं. गुरुवारी ९:५०, होतं. शुक्रवारी १०:३०, नव्हतं. तुम्ही म्हणालात तसंच! अंगावर काटा आला. रविवारी काउंटर बंद असतं, अभ्यासिका मात्र सुरू.

राउटरच्या पानावर सुरुवात १९२.१६८.१.१००, शेवट १९२.१६८.१.१४९. लीज ८६४०० लिहिलंय, ते काय आहे कळलं नाही. ४६ जागा, पण सकाळची आणि दुपारची अशा दोन बॅच आहेत, आणि काहींकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही. पोरांची तक्रार आहेच. फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकतो आणि सोडून देतो. मी रेंजला दोष देत होते, खिडकीजवळ बस म्हणून सांगायचे.

अजून एक. मागच्या एका सोमवारी नेट नसताना प्रिंट मात्र निघाली होती. ते कसं?

तारजोड्या (मंगळवार, दुपारी १:१५)

ताई, सापडलं. तुमचं कार्ड चांगलं होतं, विंडोज चांगलं होतं, राउटरसुद्धा चांगला आहे. पत्ते संपतात.

१०० ते १४९ म्हणजे ५० पत्ते. ८६४०० म्हणजे सेकंद, २४ तास. तुमच्याच अभ्यासिकेतलं उदाहरण देतो. मुलगा बाकावर पुस्तक ठेवून जागा अडवतो आणि घरी जातो. डीएचसीपी तेच करतो. सकाळच्या बॅचचा फोन साडेबाराला घरी गेला तरी त्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडवलेला. दुपारच्या बॅचला उरलेल्यांत भागवायचं. पन्नास पुस्तकं बाकांवर, आणि दारात उभ्या असलेल्याला जागा नाही.

आता तुमचा कॉम्प्युटर. समजा बुधवारी १०:०५ ला त्याला पत्ता मिळाला, म्हणजे गुरुवारी १०:०५ पर्यंत तो त्याचा. निम्मी मुदत झाली की कॉम्प्युटर स्वतःहून मुदत वाढवून मागतो, म्हणजे रात्री १०:०५ ला. तोपर्यंत तुम्ही तो बंद करून घरी गेलेल्या असता. गुरुवारी ९:५० ला सुरू केला, मुदत अजून पंधरा मिनिटं शिल्लक होती, तोच पत्ता पुन्हा मिळाला, आता शुक्रवारी ९:५० पर्यंत. शुक्रवारी १०:३० ला आलात. चाळीस मिनिटांपूर्वी मुदत संपली होती आणि वाट बघणाऱ्या कुठल्यातरी फोननं तो पत्ता उचलला होता. सोमवारी तर शनिवारची मुदत रविवारी सकाळीच संपलेली. म्हणून हमखास.

राउटर बंद-चालू केल्यावर लागतं, कारण अशा साध्या राउटरची वही बहुधा त्याच्या तात्पुरत्या स्मरणात असते, वीज गेली की कोरी. घरी गेलेल्यांची पुस्तकं बाकांवरून उचलली जातात.

हातानं टाकलेला १०५ दुपारी भिडला, कारण तो त्याच पन्नासांतला. राउटरला तुम्ही तो घेतल्याचं माहीतच नव्हतं, त्यानं तो एका फोनला देऊन टाकला.

आणि प्रिंट. त्या सोमवारी प्रिंटरलाही पत्ता मिळाला नसणार. त्यानंही १६९.२५४ मधला घेतला. दोघं एकाच तारेवर, एकाच पट्ट्यात, त्यामुळे एकमेकांशी बोलू शकले. प्रिंटर नावानं जोडलेला असेल तर नावही तिथल्या तिथे शोधता येतं. १६९.२५४ ची मूळ योजनाच ही आहे: देणारा नसला तरी शेजाऱ्यांचं आपसातलं काम अडू नये.

सातासमुद्री (मंगळवार, संध्याकाळी ७:५०)

उत्तम धागा. एक भर घालतो. आजचे फोन मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा कायमचा क्रमांक, खरा लपवून बनावट सांगतात, अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून. त्यामुळे एकच फोन रोज नवा माणूस म्हणून येतो आणि पत्ते खातो. तेच मुख्य कारण असावं.

तारजोड्या (मंगळवार, रात्री ८:२०)

लपवतात हे बरोबर, पण 'रोज नवा' हे सरसकट खरं नाही. नेहमीच्या मांडणीत एका वाय-फायसाठी एक बनावट क्रमांक ठरतो आणि त्या वाय-फायवर तोच वापरला जातो. इथे तेवढी गरजही नाही. दोन बॅच, ५० पत्ते, २४ तास, हिशेब आधीच तुटतो.

निवृत्त_लॅबवाला (मंगळवार, रात्री १०:१५)

मी तंत्रनिकेतनाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होतो. पत्ते वाटणारं काही नव्हतं तेव्हा माझ्याकडे एक लांब रजिस्टर असायचं. डावीकडे मशीनचा नंबर, उजवीकडे पत्ता, शेवटी माझी सही. ३२ मशीन. एखाद्या पोरानं गंमत म्हणून दुसऱ्याचा पत्ता टाकला की दोन्ही मशीन बंद, आणि मी रजिस्टर घेऊन ओळीनं प्रत्येकासमोर वाकून बघायचो. त्या रजिस्टरवर माझं प्रेम होतं हे आज सांगायला हरकत नाही.

डीएचसीपी आज ज्या आरएफसीवर, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या मसुद्यावर, चालतो तो मार्च १९९७ चा, क्रमांक २१३१, राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला. १९२.१६८ हे घरगुती पत्ते आज ज्या १९१८ क्रमांकाच्या मसुद्यानुसार राखलेले आहेत तो त्याच्या वर्षभर आधीचा, फेब्रुवारी १९९६ चा. १६९.२५४ आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा दिसला तो विंडोज ९८ आल्यावर. आम्हाला वाटलं, हे कुठलं परक्याचं नेटवर्क आत घुसलं! मायक्रोसॉफ्ट या आपोआप पत्ता घेण्याला एपीपा म्हणायची. सगळ्यांसाठी एकच नियम लिहून निघायला मे २००५ उजाडलं. तो मसुदा ३९२७, लिहिणारे स्टुअर्ट चेशायर, बर्नार्ड अबोबा आणि एरिक गटमन. म्हणजे अॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि सन या तिन्ही कंपन्यांतली माणसं एका कागदावर. मला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं.

ताई, एक सांगतो. पत्ता स्वतः घेतल्यावरही विंडोज गप्प बसत नाही. दर पाच मिनिटांनी परत हाक मारून बघतं, देणारा आला का म्हणून. दिला की स्वतःचा सोडून तो घेतं. त्यामुळे कधी काही न करता नेट आपोआप आलं असेल तर ते यामुळे.

काउंटरवाली (मंगळवार, रात्री १०:४०)

काका, तसं दोनदा झालंय. मी देवाचे आभार मानले होते. :)

दादा, आता बदलायचं काय ते सांगा.

तारजोड्या (बुधवार, सकाळी ८:०५)

लीज ७२०० करा, म्हणजे दोन तास. बसलेल्यांना काही जाणवणार नाही, त्यांचा फोन तासातासानं मुदत वाढवून घेत राहील. गेलेल्यांचे पत्ते दोन तासांत मोकळे.

पट्टा १९२.१६८.१.५० ते १९२.१६८.१.२४९ करा. पन्नासाचे दोनशे झाले.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांना राउटरच्या पानावरच पत्ता राखून द्या. 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असं काहीतरी नाव असेल. तिथे यंत्राचा मॅक पत्ता लिहायचा, म्हणजे बारा अक्षरांचा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत. कॉम्प्युटरचा आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये 'फिजिकल ॲड्रेस'समोर दिसेल, प्रिंटरचा त्याच्या सेटिंगच्या छापील पानावर. त्यासमोर कॉम्प्युटरला १०, प्रिंटरला ११. काही राउटर पट्ट्याबाहेरचा पत्ता राखून देत नाहीत. तसं झालं तर २४० आणि २४१ द्या. कॉम्प्युटरमध्ये मात्र काही टाकू नका, तिथे ऑटोमॅटिकच राहू द्या. वही एकाच ठिकाणी असावी.

एवढं झाल्यावर निवांत वेळी पोरांचं वाय-फाय 'गेस्ट' करून वेगळं काढा. फॉर्मसाठी लोक तुमच्याकडे आधार आणि बँकेचे कागद देतात. तो कॉम्प्युटर आणि ९० अनोळखी फोन एकाच तारेवर असणं मला बरोबर वाटत नाही. आणि पत्ते वाढले म्हणून हवेतली गर्दी कमी होत नाही, वाय-फाय संथ वाटलं तर तो वेगळा विषय.

पायवाट (बुधवार, सकाळी ९:३०)

मी दिलेला सल्ला अर्धवट होता हे आत्ता कळलं. आमच्या दुकानात दोनच यंत्रं, म्हणून चार वर्षं भिडलं नाही. आज जाऊन पट्टा बघतो.

माझ्या लॅपटॉपवर नेट नीट चालू आहे, तरी आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलमध्ये ब्लूटूथच्या नावाखाली एक १६९.२५४ दिसतो. आणि एफई८० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता आहे. काळजी करायची का?

तारजोड्या (बुधवार, सकाळी ९:५५)

नाही. जे अडॅप्टर वापरातच नाही त्याचा पत्ता बघायचा नाही. ज्या कार्डानं नेटला जाता तेवढंच बघा. एफई८० हा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांमधला तसाच भाऊ, पण तिथे तो बिघाडाची खूण नसतो. प्रत्येक कार्डाला असतोच, चांगला पत्ता मिळाला तरीही.

लग्नफोटो_नगर (बुधवार, रात्री ११:४५)

मला या धाग्यानं चार वर्षांचं कोडं सुटलं. लग्नाचा सीझन असला की एका रात्रीत ३००-४०० जीबी एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर न्यायचे असतात. आम्ही दोन लॅपटॉपमध्ये एक लॅन केबल लावतो, मध्ये राउटर नाही. मिनिटभर काही होत नाही, आणि मग दुसरा लॅपटॉप दिसायला लागतो. हे मिनिट कसलं ते कळत नव्हतं. म्हणजे दोघं आधी देणाऱ्याला हाका मारत बसतात, कुणी नाही म्हटल्यावर स्वतः पत्ते घेतात?

तारजोड्या (गुरुवार, सकाळी ७:४०)

अगदी तसंच. तुमच्या कामात १६९.२५४ म्हणजे सगळं ठीक चाललंय. त्याला बदलू नका.

काउंटरवाली (तीन आठवड्यांनी, सोमवार, दुपारी १२:१०)

धागा वर आणतेय, कळवायचं राहिलं होतं.

त्याच बुधवारी रात्री दहाला, पोरं गेल्यावर, सगळं बदललं. आमचा राउटर पट्ट्याबाहेरचा पत्ता राखून देत नव्हता, म्हणून २४० आणि २४१ दिले. प्रिंटरचा मॅक पत्ता लिहिताना आठ आणि बी यांत गोंधळ झाला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रिंटर दुसऱ्याच पत्त्यावर गेला. पान पुन्हा छापून, भिंग लावून वाचलं.

त्यानंतर तीन सोमवार झाले. आजचा तर मुद्दाम उशिरा, ११:२० ला सुरू केला. १९२.१६८.१.२४०. त्रिकोण नाही. राउटरच्या पानावर आत्ता ६८ यंत्रांची नावं आहेत, म्हणजे जुन्या पन्नासांत हे बसलंच नसतं. खिडकीजवळ बस म्हणून आता कुणाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी हॉटस्पॉटवर जिचा फॉर्म भरला होता, तिचं हॉल तिकीट आज याच कॉम्प्युटरवरून काढलं आणि याच प्रिंटरवर छापलं.

गेस्ट वाय-फाय अजून वेगळं केलेलं नाही. येत्या रविवारी बसते. अडलं तर इथेच विचारेन.